काचेवरचे धुके आणि नावाची अक्षरे

डॉक्टरांच्या दवाखान्यात, वकिलांच्या कचेरीत, पतपेढीत किंवा शिकवणीच्या वर्गात शिरताना आपण हल्ली जे दार ढकलतो ते बहुधा काचेचे असते. त्या काचेवर कमरेपासून डोक्यापर्यंत धुक्यासारखा एक पांढुरका पट्टा असतो आणि पट्ट्यावर नाव, पदवी, भेटीची वेळ आणि ‘पादत्राणे बाहेर काढावीत’ ही विनंती लिहिलेली असते. आपण ती वाचतो, वहाणा काढतो आणि आत जातो. दाराकडे वळून कोणी पाहत नाही. वस्तू अंगवळणी पडली की तिलाही काही इतिहास असेल असे मनात येत नाही. परंतु वाचकहो, त्या धुक्यामागे साडेतीनशे वर्षांची खटपट आहे, आणि त्यावरच्या अक्षरांची कथा तर कादंबरीला शोभावी अशी आहे. कादंबऱ्या लिहिणे हा माझा छंद आणि मुलांना अक्षरे शिकवणे हा माझा पोटाचा धंदा. तेव्हा ही कथा सांगण्याचा मोह मला आवरला नाही.

काच ही मोठी सरळ स्वभावाची वस्तू आहे. प्रकाश आत सोडते आणि त्याच वाटेने शेजाऱ्याची नजरही आत सोडते. माणसाला मात्र यातली एकच गोष्ट हवी असते. उजेड हवा, पण कोणी डोकावायला नको. शिवाय दुकान किंवा दवाखाना असेल, तर आत काय चालले आहे ते दिसू नये, पण आत कोण बसले आहे ते मात्र रस्त्यावरच्या प्रत्येकाला कळावे, अशीही इच्छा असते. म्हणजे झाकायचेही आणि सांगायचेही! या दोन उलट्या मागण्या एकाच तावदानाकडून पुऱ्या करून घ्यायच्या, हाच या सगळ्या इतिहासाचा धागा आहे.

पहिल्या मागणीचे उत्तर आपल्याच शेजारी, गोव्यात, फार सुंदर रीतीने दिले गेले होते. तिथल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपले बसवलेले आजही पाहायला मिळतात. खाडीच्या चिखलात वाढणारा हा चपटा, पातळ शिंपला घासून चौकोनी करायचा आणि लाकडी पट्ट्यांच्या जाळीत ओळीने बसवायचा. काच साता समुद्रांपलीकडून यायची आणि महाग पडायची. शिंपला मात्र दाराशी होता. त्यातून येणारा उजेड मऊ, चांदण्यासारखा असतो. बाहेरच्याला आतले काही दिसत नाही, आणि आतल्या म्हातारीला दिवसा दिवा लावावा लागत नाही. पण शिंपल्याच्या त्या लहान लहान तुकड्यांवर मालकाचे नाव लिहिण्याची सोय नव्हती. झाकणे साधले, सांगणे राहिले.

काचेलाच धूसर करण्याची विद्या युरोपात वाढली. सगळ्यात साधा उपाय घासण्याचा. कुरुंदाची बारीक पूड आणि पाणी घालून काच घासली की तिचा पृष्ठभाग असंख्य बारीक खड्ड्यांचा होतो. गुळगुळीत काचेतून किरण सरळ जातात. खड्ड्यांवर आपटलेले किरण वाट फुटेल तिकडे पांगतात. उजेड पोहोचतो, आकृती पोहोचत नाही. म्हणूनच अशा काचेला अगदी चिकटून कोणी उभा राहिला तर त्याची सावली स्पष्ट दिसते आणि तो चार पावले मागे सरला की नाहीसा होतो. या काचेची एक खोड मात्र ध्यानात ठेवावी. खडबडीत बाजूवर पाणी किंवा तेलकट बोट लागले की खड्डे भरून निघतात आणि तेवढ्या जागेपुरती काच पुन्हा पारदर्शक होते.

घासण्याहून सूक्ष्म उपाय आम्लाचा. जर्मनीतील न्युरेंबर्ग शहरी हाइन्रिख श्वानहार्ट नावाचा काचेवर नक्षी कोरणारा कारागीर होता. १६७०च्या सुमारास त्याच्या चष्म्यावर एका तेजाबी द्रवाचा थेंब पडला, काच पांढुरकी झाली आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, असे सांगतात. गोष्ट खरी असो वा रचलेली, काच खाणारे आम्ल माणसाच्या हाती लागले ते असे. पुढे १७७१ साली स्वीडनमधील कार्ल विल्हेल्म शील या औषधविक्रेत्या रसायनशास्त्रज्ञाने फ्लोरस्पार नावाच्या खनिजावर गंधकाम्ल ओतून त्या आम्लाचा शास्त्रीय अभ्यास केला, तेव्हा त्याचे काचेचे पात्रच झिजू लागले. हेच आजचे हायड्रोफ्लोरिक आम्ल. शील अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, १७८६ साली वारला.

या आम्लाची एक भयानक बाजू आहे. सौम्य स्वरूपात ते कातडीला लागले तर ताबडतोब आग होत नाही. माणूस काम करीत राहतो, आणि आम्ल आत उतरत हाडापर्यंत पोहोचते. काही तासांनी वेदना सुरू होते, तोवर फार उशीर झालेला असतो. ज्या नक्षीदार तावदानांकडे पाहून आपण माना डोलावतो ती करणाऱ्या हातांना काय काय सोसावे लागले असेल, याची कल्पना यावरून करावी. ही भीती असूनही आम्लाचे आकर्षण टिकले, याचे कारण अक्षर. घासून काच सरसकट धूसर होते. आम्लाने मात्र हवा तेवढाच भाग धूसर करता येतो. काचेवर मेण किंवा डांबरी रोगण लावायचे, जिथे काच खायला हवी तेवढी जागा उघडी ठेवायची आणि वर आम्ल सोडायचे. झाकलेला भाग स्वच्छ राहतो, उघडा भाग धूसर होतो. धुक्यात अक्षर उमटवण्याची युक्ती सापडली ती ही.

युक्ती सापडली तरी ती रस्त्यावर यायला सरकारचा आडकाठीचा हात दूर व्हावा लागला. इंग्लंडात १६९६पासून खिडक्यांवर कर होता. घराला खिडक्या जितक्या अधिक, तितका कर अधिक. म्हणून लोकांनी खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या. उजेडावर कर बसवणारे राज्य, असे म्हणायला हरकत नाही! पुढे काचेच्या उत्पादनावर वेगळा कर बसला. काचेवरचा कर १८४५ साली उठला आणि खिडक्यांवरचा १८५१ साली. त्याच १८५१मध्ये लंडनला जागतिक प्रदर्शनासाठी काचेचा भव्य महाल उभा राहिला; त्यात सुमारे तीन लाख तावदाने होती. काच स्वस्त झाली, मोठी झाली, आणि दुकानदारांना आपल्या दर्शनी भागात लिहायला एक नवीन पाटी मिळाली.

या पाटीचा सगळ्यात मोठा उपयोग केला तो लंडनच्या मद्यगृहांनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या मद्यगृहांच्या खिडक्यांवर आम्लाने काढलेली धूसर वेलबुट्टी आणि तिच्यात ठसठशीत अक्षरे दिसू लागली. रस्त्याने जाणाऱ्या पाद्रीबुवांना आपला यजमान आत बसलेला दिसू नये, ही पहिली सोय. पण अक्षरे काय सांगत होती ते पाहिले की समाजाचा आतला नकाशाच उघडतो. एका दारावर ‘पब्लिक बार’, तो मजुरांचा. दुसऱ्यावर ‘सलून बार’, तो बऱ्या कपड्यांतल्या लोकांचा. तिथे त्याच मद्याला दोन पैसे अधिक पडत. तिसरे ‘जग अँड बॉटल’, म्हणजे भांडे घेऊन या आणि भरून घरी न्या. तिथे घरची पोरेसुद्धा पाठवली जात. एकाच छपराखाली, एकाच पिंपातून, पण काचेवरची दोन अक्षरे माणसामाणसांत भिंत घालीत होती. लंडनमधील ‘द लँब’ नावाच्या मद्यगृहात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांच्या उंचीवर धूसर काचेच्या फिरत्या झडपा अजून आहेत. वाढप्याला गिऱ्हाइकाचे तोंड दिसू नये, म्हणून ती मिटायची, आणि पेला मागायचा झाला की उघडायची! झाकण्याची हौस माणसाला कुठवर नेते ते पाहा.

या काळात काचेवरचे अक्षर कलेच्या शिखरावर पोहोचले. एकदा आम्ल सोडून एक छटा, पुन्हा काही भाग झाकून दुसरी छटा, आणखी झाकून तिसरी, अशा एकाच पांढऱ्या रंगाच्या तीन-तीन छटा कारागीर काढीत. अक्षरांना सोन्याचा वर्ख द्यायचा तर तो काचेच्या मागच्या बाजूने, सरसाच्या पातळ पाण्याने चिकटवायचा. म्हणजे ऊनपावसाचा त्रास नाही आणि पुढून आरशासारखी झळाळी. मात्र मागून लिहायचे म्हणजे सगळे उलटे लिहायचे. शेवटचे अक्षर आधी, आणि तेही आरशातल्यासारखे.

दरम्यान अमेरिकेत आम्लाला एक स्पर्धक जन्मला. फिलाडेल्फियाचे बेंजामिन च्यू टिल्घमन यांनी १८७० साली वाफेच्या किंवा हवेच्या जोराने वाळूचा मारा करण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. वाळवंटातल्या वाऱ्याने खिडक्यांच्या काचा धूसर झालेल्या पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे म्हणतात. निसर्ग जे वर्षानुवर्षांत करतो ते यंत्र क्षणांत करू लागले. पण एक गोष्ट आम्ल आणि वाळू या दोघांनाही समान होती. एकदा काचेला लागलेला घाव पुसता येत नसे. अक्षर चुकले तर तावदान गेले. म्हणून काचेला हात लावण्याआधी माणसे कागदावर दहा वेळा लिहून पाहत.

आपल्याकडे काच स्वदेशीच्या चळवळीचा हात धरून आली. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी एक एक पैसा मागून पैसा फंड उभारला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना निघाला. पुढे १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना आला आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला. या कारखान्यांचे नाव झाले ते दिव्यांच्या काचांसाठी. दुकानांची तावदाने हा त्यांचा विषय नव्हे. तावदानांवर नाव लिहायचे काम आपल्याकडे आम्लाने फारसे केले नाही; ते केले पेंटरने.

पेंटर हा आपल्या गावोगावचा एक विलक्षण माणूस. माझ्या शाळकरी वयात आमच्या बाजारपेठेत असे एक पेंटर होते. सगळे त्यांना पेंटरकाका म्हणत. शाळेचा गुणवंतांचा फलक, ग्रामपंचायतीची पाटी, नाटकाचा बोर्ड आणि सोनाराच्या दुकानाची काच, सगळे त्यांच्याच हातचे. काचेवर लिहायचे झाले की ते दुकानाच्या आत बसत. बाहेरून कागदावर काढलेले नाव चिकटवलेले असे. त्या कागदाकडे काचेतून पाहत, उजवीकडून डावीकडे, ते उलटी अक्षरे रंगवीत. आम्ही पोरे बाहेर उभे राहून पाहत असू. त्यांच्या बाजूने जे गचाळ कोडे वाटे, ते आमच्या बाजूने सरळ नाव होऊन उमटे. वेलांटी कुठून सुरू होते आणि शिरोरेघेला कुठे भिडते, हे मी पाठ्यपुस्तकात शिकलो तसा त्या काचेसमोरही शिकलो. आज मुलांना बाराखडी शिकवताना ते उलटे हात मला आठवतात.

आता कथेत नवे पात्र येते, ते रबराच्या कारखान्यातून. १९२६ साली अमेरिकेतील अॅक्रन या गावी बी. एफ. गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन हा तरुण रसायनशास्त्रज्ञ धातूला रबर घट्ट चिकटवील असा पदार्थ शोधीत होता. त्याने पॉलिव्हिनाइल क्लोराइड नावाचे, तोवर कोणी किंमत न दिलेले द्रव्य एका द्रवात घालून तापवले, तर गोंद झाला नाही. झाला एक लवचिक, पाण्याला दाद न देणारा पदार्थ. गोंद शोधायला गेला आणि हाती आले कापड! हेच आपले विनाइल. सेमन शंभर वर्षे जगला. १९९९ साली वारला, तेव्हा त्याच्या विनाइलने जग झाकून टाकले होते.

विनाइलला गोंदाची जोड मिळाली ती दुसऱ्यांकडून. १९३५ साली लॉस एंजलिसमध्ये स्टँटन एव्हरी या तरुणाने आपल्या वाग्दत्त वधूकडून शंभर डॉलर उसने घेऊन, कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर आणि शिवणयंत्राचे भाग जोडून, पाठीवर गोंद आणि त्याखाली सुटणारा कागद असलेली चिठ्ठी तयार करण्याचे यंत्र उभे केले. सोला आणि चिकटवा! पुढे १९६६च्या सुमारास थ्री-एम कंपनीने ऊन अडवणारा पातळ पापुद्रा खिडकीच्या काचेसाठी आणला. काचेचे रूप बदलायचे तर काचेला जखम करायची गरज नाही, वर एक कातडी चढवली की पुरे, हा विचार रुजला. धुक्याचा पापुद्रा याच कुळातला. केसाएवढ्या जाडीच्या विनाइलमध्येच किरण पांगवण्याची सोय केलेली असते. काच आपली जशीच्या तशी राहते. ज्या आम्लाला काचेच्या बाटलीत ठेवता येत नाही, ते आज प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवतात. आणि प्लॅस्टिकनेच त्याचा खिडकीवरचा धंदा बसवला. इतिहासाला अशी थट्टा आवडते.

उरले अक्षर कापणे. ते यंत्राच्या स्वाधीन केले योसेफ गर्बर यांच्या कंपनीने. गर्बर १९२४ साली व्हिएन्नात जन्मले. ज्यू असल्यामुळे नाझींच्या तावडीतून सुटून १९४० साली आईसह अमेरिकेला पोहोचले; वडील मात्र त्या संहारात गेले. विद्यार्थिदशेत पायजम्याच्या नाडीतले इलॅस्टिक काढून, त्यावर खुणा करून त्यांनी ताणता येणारी मोजपट्टी बनवली, आणि त्या मोजपट्टीवर १९४८ साली आपली कंपनी उभी केली. या कंपनीने १९८०च्या दशकाच्या आरंभी संगणकाच्या हुकमाने विनाइलची अक्षरे कापणारे यंत्र बाजारात आणले. ब्रशाने ज्याला अर्धा दिवस लागे ते नाव पाच मिनिटांत कापून होऊ लागले. जगभरच्या पेंटरांच्या पोटावर पाय आला तो त्या दिवसापासून.

आपल्याकडे या पापुद्र्याला लोकांनी ‘रेडियम’ असे नाव दिले. क्यूरी पतिपत्नींनी १८९८ साली शोधलेल्या मूलद्रव्याशी त्याचा काही संबंध नाही. घड्याळाच्या तबकडीवर रात्री चमकणारा रंग रेडियमचा असे. म्हणून गाडीच्या दिव्यात चमकणारी पट्टीही रेडियम, आणि मग न चमकणारे चिकटपटाचे अक्षरही रेडियमच! मुंबईच्या टॅक्सीपासून खेड्यातल्या ट्रॅक्टरपर्यंत रेडियमवाल्याची कला पोहोचली, आणि दवाखान्याच्या काचेवर धुके व अक्षर यांची गाठ घालून देतो तोही आता हाच रेडियमवाला.

ही गाठ दोन रीतींनी घालतात. पहिली रीत कापून काढण्याची. धुक्याच्या पापुद्र्यातून अक्षरे कापून तेवढा भाग सोलून टाकायचा. दिवसा खोलीतल्या अंधारामुळे अक्षरे काळसर दिसतात. रात्री आतला दिवा लागला की तीच अक्षरे उजळतात. दिसायला ही रीत फार खानदानी. पण अक्षर जाड असेल तर अक्षरातूनच आत डोकावता येते. रोगी तपासण्याच्या खोलीला म्हणून दुसरी रीत बरी. आधी सलग धुके आणि त्यावर रंगीत विनाइलचे अक्षर. इथे रंगाची निवड जाणत्याने करावी. काळा, गर्द निळा, गर्द लाल यांसारखे रंग उठून दिसतात. पांढरा, पिवळा, चंदेरी धुक्यात विरघळतात. रात्री आतून उजेड आला की अपारदर्शक अक्षर कोणत्याही रंगाचे असो, बाहेरून ते काळेच दिसते. आणखी एक हौशी प्रकार आहे. धुके आतल्या बाजूने आणि अक्षर बाहेरच्या बाजूने लावले तर उन्हात अक्षराची सावली काचेची जाडी ओलांडून धुक्यावर पडते आणि नाव तरंगल्यासारखे दिसते. पापुद्रा नसून काचच घासलेली असेल, तर मात्र अक्षर गुळगुळीत बाजूला लावावे. खडबडीत बाजूला गोंद खड्ड्यांत शिरतो, धुके विटते आणि पकडही नीट बसत नाही.

लावण्याचे कसबही पाहण्यासारखे असते. काच धुऊन, पुसून, साबणाचे दोन थेंब घातलेले पाणी तिच्यावर शिंपडतात, म्हणजे पापुद्रा सरकवून जागेवर आणता येतो. मग रबरी पट्टीने मधून कडांकडे पाणी ढकलून काढतात. पापुद्रा नीट धरण्याआधी घाईने अक्षर चढवले तर अक्षर नेणारी चिकट पट्टी ओढताना खालचे धुकेही घेऊन येते. एक दिवस थांबणे भाग. दिवाळीच्या आदल्या दिवशी ‘आजच पाहिजे’ म्हणणाऱ्या दुकानदाराला हे पटवणे कठीण!

आणि आता मी माझ्या मुद्द्याशी येतो. ही यंत्रे रोमन लिपीच्या माहेरी जन्मली. रोमन अक्षरे सुटी, एकेक स्वतंत्र. आपली लिपी एकत्र कुटुंबासारखी. शिरोरेघेच्या एका छपराखाली सगळी अक्षरे हात धरून उभी. संगणकावर दोन अक्षरांच्या शिरोरेघा एकमेकींवर चढलेल्या असतात. पडद्यावर ते दिसत नाही. पण कापणाऱ्या पात्याला प्रत्येक अक्षराची कड वेगळी दिसते, आणि ते प्रत्येक सांध्यावर शिरोरेघ कापून टाकते. मात्रा वेगळी, वेलांटी वेगळी, अर्धचंद्र कुठेतरी उडून गेलेला. सगळे आकार आधी सांधून एक करावे लागतात, मगच शब्द अखंड निघतो. हे सांधणे यंत्र आपण होऊन करीत नाही; ते मराठी वाचणाऱ्या माणसाने करायचे असते. ‘ब’च्या पोटातले पोकळ तुकडे, अनुस्वाराचा ठिपका, हेही त्याच्याच नजरेने जपले जातात. सोलताना एक ठिपका कचऱ्यात गेला की ‘शांती’ची ‘शाती’ होते!

अक्षरांचे साचे देणाऱ्यांनी आपले काम केले आहे. मुंबईचे र. कृ. जोशी यांच्यासारख्या सुलेखनकाराने संगणकासाठी ‘मंगल’ हा देवनागरी टंक रेखला. पुण्याच्या ‘श्री-लिपी’ने छापखान्यांना शेकडो वळणे दिली. कायद्यानेही आपले काम केले. महाराष्ट्रात २०२२च्या दुरुस्तीने लहानमोठ्या सर्व दुकानांना मराठी देवनागरी नामफलक बंधनकारक झाला, आणि मराठी अक्षर आधी व इतर लिपीहून लहान नसावे असे ठरले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २५ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायालयाने मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. तेवढ्यात दसरा आला, दिवाळी आली आणि दुकानांच्या दर्शनी भागांवर नवी मराठी अक्षरे झळकली.

आनंदाची गोष्ट. पण मी वर्गात उभा राहतो तेव्हा या आनंदाची दुसरी बाजू मला दिसते. वाचायला नुकतेच शिकलेले मूल पहिले पुस्तक वाचते ते रस्ता. आईचे बोट धरून ते पाट्या वाचत जाते. ‘चिकीत्सालय’, ‘मीठाई’, ‘आर्शिवाद’ ही रूपे त्याच्या डोळ्यांत एकदा बसली की वहीतल्या लाल शाईने ती पुसत नाहीत. आम्लाच्या काळात चुकीचे अक्षर म्हणजे एक तावदान फुकट, म्हणून माणसे लिहिण्याआधी विचार करीत. पेंटरकाका काचेला ब्रश लावण्याआधी आमच्या गुरुजींना शब्द विचारून जात. आज चूक सोलून काढता येते, आणि सोलून काढता येते म्हणूनच ती वर्षानुवर्षे तशीच राहते.

यात रेडियमवाल्याला दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. त्यांतले किती तरी जण जुन्या पेंटरांचे मुलगे-पुतणे आहेत. ब्रश गेल्यावर त्यांनी यंत्र उचलले आणि घर चालवले. गिऱ्हाईक मोबाइलवर कसाबसा शब्द टाइप करून पाठवते, ‘असाच कापा’ म्हणते आणि पैशांची घासाघीस करते. इंग्रजी नावातली एक चूक दिसली तर आपण पाटी परत करतो; मराठीतली दिसली तर ‘चालते हो’ म्हणतो. मग दोष कोणाचा?

धुके कशाला द्यायचे आणि अक्षर कुठे ठेवायचे, हे यंत्र ठरवत नाही. रोग्याची लाज झाकावी, वकिलापुढे बसलेल्या विधवेची आसवे झाकावीत, पतपेढीत हिशेब मांडणाऱ्या शेतकऱ्याची अडचण झाकावी. तिथे धुके हवेच. लंडनच्या मद्यगृहासारखी माणसामाणसांत भिंत घालायला ते नको. आणि ज्यावर उजेड पडावा ते नाव मात्र शुद्ध हवे. या दिवाळीत कोणी नव्या दुकानाच्या काचेवर नाव घालणार असेल, तर त्याने एवढेच करावे. कापण्यापूर्वी ते नाव कागदावर लिहावे, घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि शाळेत जाणाऱ्या पोराला मोठ्याने वाचायला लावावे, आणि दोघेही न अडखळता वाचतील तेव्हाच यंत्राचे बटण दाबू द्यावे.